चरचरलं की पुरे

(शरद व्याख्यानमालेतील एका डॉक्टरांच्या व्याख्यानातून)

मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी साखर तपासायचं मशीन असेल. टाच बघायचा आरसा किती जणांकडे आहे? आरसा म्हणतोय, कारण साठीनंतर स्वतःचा तळपाय निरखणं हे एक योगासनच आहे.

माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, मूळच्या कोकणातल्या. थंडीत त्यांच्या टाचा फुटायच्या आणि त्यावर त्या आईचाच उपाय करायच्या. मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं थिजलेलं तेल, पळीत वितळवायचं आणि गरमगरम भेगेत सोडायचं. चरचरलं की पुरे, असा आईचा नियम. त्या वर्षी चरचरलंच नाही. म्हणून आजींनी पळी पुन्हा तापवली. तिसऱ्या दिवशी सुनेला फरशीवर ओले ठसे दिसले. टाचेवरचा फोड फुटला होता आणि आजींना काहीच दुखत नव्हतं.

यात मुठेलाचा काही दोष नाही. त्वचेतलं पाणी अडवण्याचं काम ते चोख करतं. घात केला तो उष्णतेनं आणि बधिर पायानं. मधुमेह जुना झाला की काहींच्या पायातल्या नसा मंदावतात. वेदना कळवणाऱ्या नसा गेल्या की चटका समजत नाही. घामाच्या ग्रंथी चालवणाऱ्या गेल्या की पाय कोरडे पडतात. ‘हल्ली पायांना घामच येत नाही हो’ असं कुणी कौतुकानं सांगितलं की मला धडकी भरते. त्यात वयामुळे त्वचेचा तेलकटपणा आटलेला. कोरडी, जाड टाच अंगाचा भार पेलताना तडकते आणि खोल भेगेतून जंतू आत शिरतात.

तेव्हा आंघोळीचं पाणी कोमट हवं. हातापायांना बधिरपणा असेल तर ते दुसऱ्यानं कोपर बुडवून बघावं. अंगाच्या साबणाच्या बहुतेक वड्यांचा पीएच 9 ते 10 असतो, त्वचेचा 5 च्या आसपास. म्हणून साबण बेतानं. पाय खसाखसा पुसू नका, टिपा, आणि ओलसर आहेत तोवरच लावा. साधं व्हॅसलीन चालतं. टाच राठ असेल तर 10 टक्के युरिया असलेलं क्रीम अधिक चांगलं, पण भेगेतून रक्त येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. महागड्या सुवासिक डब्यांनी त्वचेचं काही जास्त भलं होत नाही, दुकानदाराचं होतं. बोटांच्या बेचक्यांत मात्र काही लावायचं नाही. तिथं ओल राहिली की चिखल्या होतात. ब्लेडनं टाच तासणाऱ्यांना तर मी रागावतोच. आणि तेलकट तळव्यांनी फरशीवर उतरू नका, नाहीतर टाच वाचेल आणि खुबा मोडेल.

आजींची जखम भरायला बरेच आठवडे लागले. आता रोज रात्री त्यांचे यजमान मुठेल तळहातावर चोळून, गारच, त्यांच्या टाचांना लावतात. सुरुवातीला आजी लाजायच्या. मागच्या महिन्यात लावता लावता आजोबांच्या बोटाला काहीतरी टोचलं. दिव्याखाली पाय धरून पाहिलं, तर टाचेत स्टेपलरची पिन रुतलेली. आजी मालिका बघत होत्या.