लपण्याचा नियम कुठे लपला?



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाच्याचे मित्र घरी जमले होते. जेवणाच्या टेबलावर कागद, पेन्सिली, चिवड्याचा डबा आणि वीस बाजूंचा एक फासा. खेळ होता 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. ह्याला पट लागतोच असं नाही, सोंगट्याही नाहीत. चौघं चार पात्रं होतात, पाचवा सूत्रधार होतो. सूत्रधार प्रसंग सांगतो, बाकीचे आपलं पात्र काय करतंय ते सांगतात, आणि जिथं निकाल नशिबावर सोडायचा तिथं फासा टाकतात. त्या दिवशी एकाचं पात्र चोराचं होतं. तो म्हणाला, "मी पिंपाआड लपतो." सूत्रधार झालेल्या भाच्यानं नियमांचं पुस्तक उघडलं, आणि पुढची दहा मिनिटं खेळ तिथंच अडला.

पुस्तक होतं २०१४ सालचं 'प्लेअर्स हँडबुक', चांगलं तीनशेवर पानांचं. लपण्याचा मुख्य नियम सातव्या प्रकरणात, एका चौकटीत. अंधारात नि धुक्यात काय दिसतं, ते आठव्यात. लढाई चालू असताना लपायचं तर काय, ते नवव्यात. आणि न दिसणाऱ्यानं वार केला तर काय, तेही नवव्यातच, पण दोन-तीन पानं पुढं. भाचा वैतागून म्हणाला, "मावशी, लपण्याचा नियमच लपून बसलाय!"

मी उभा जन्म पाठ्यपुस्तकांच्या संपादनात काढला. ह्या तक्रारीनं माझे कान टवकारले. ही पुस्तकं अशी का रचली जातात, ते शोधत मी थेट मुळापर्यंत गेले.

मूळ आहे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनीव्हा ह्या गावी. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन ह्यांचा हा खेळ एका खोक्यातून आला. आत तीन पातळ पुस्तिका होत्या. पहिलीत माणसं नि जादू, दुसरीत राक्षस नि खजिना, तिसरीत भुयारं नि रानवाटा. विभागणी ऐकायला छान वाटते. पण लढाई सोडवायला 'चेनमेल' नावाचं आधीचं युद्धखेळाचं पुस्तक हाताशी असावं, अशी अपेक्षा होती. आणि रानवाटांसाठी तर दुसऱ्याच कंपनीच्या एका खेळाचा पट सुचवला होता. लिहिणारे नि विकत घेणारे, दोघंही युद्धखेळांच्या मंडळांतले. एवढं घरात असणारच, हे गृहीत धरलेलं.

मग पुरवण्या सुरू झाल्या. १९७५ साली 'ग्रेहॉक' आली. मूळ पुस्तिकेत खंजीर असो की तलवार, इजा मोजायला सहा बाजूंचा एकच फासा. 'ग्रेहॉक'नं प्रत्येक हत्याराची इजा वेगळी ठरवली: खंजिराची एक ते चार, तलवारीची एक ते आठ. चोराचं पात्रही ह्याच पुरवणीतलं. म्हणजे पुरवणी नुसती भर घालत नव्हती, मूळ नियम बदलत होती. आणि जुना नियम तर जुन्या पानावर जसाच्या तसा छापलेला. आता खरा नियम कोणता? ज्याच्याकडे पुरवणी आहे त्याचा एक, नाही त्याचा दुसरा. त्यानंतर आणखी तीन पुरवण्या आल्या, आणि गुंता वाढला.

हा पसारा आवरायला गायगॅक्सनं नवी रचना केली. १९७७ मध्ये राक्षसांचं पुस्तक, १९७८ मध्ये खेळाडूंचं, १९७९ मध्ये सूत्रधाराचं. ह्या खेळाची तीन मुख्य पुस्तकं आजही हीच आहेत. इथं वाटणी विषयाची नव्हती, माणसांची होती: कुणाला काय ठाऊक असावं, ह्याची. वार लागला की हुकला, हे ठरवणारे तक्तेसुद्धा सूत्रधाराच्या पुस्तकात ठेवले होते, आणि ते पुस्तक इतरांनी वाचू नये, असं त्यातच बजावलं होतं. गूढ राखायला हे ठीक. पण खेळाडूला आपल्याच तलवारीचा हिशेब स्वतःच्या पुस्तकात मिळेना. ते तक्ते खेळाडूच्या हाती यायला १९८९ ची दुसरी आवृत्ती उजाडावी लागली.

दरम्यान नवख्यांसाठी वेगळे संच निघत होते. १९८३ च्या लाल खोक्याची युक्ती मला पाठ्यपुस्तकांची संपादिका म्हणून फार आवडली. त्यातलं पुस्तक व्याख्यांनी सुरू होत नाही, गोष्टीनं होतं. तुम्ही एक लढवय्ये आहात, गुहेत शिरलात, साप चावला. जीव किती उरला, ते कसं मोजायचं, हे तिथंच कळतं. वाचता वाचता खेळणं सुरू झालेलं असतं. शिकवायला ह्याहून सोपी वाट नाही. पण महिन्याभरानं जीव मोजण्याचा तोच नियम हवा असला, तर शोधणार कुठं? सापाच्या गोष्टीत?

खरी मेख इथं आहे. नियमांच्या पुस्तकाला वाचक एकच असला तरी त्याच्या वेळा दोन. रात्री अंथरुणात पडून तो शिकायला वाचतो, तेव्हा त्याला क्रम हवा. रविवारी चौघं तोंडाकडे बघत बसलेले असतात, तेव्हा त्याला जागा हवी: अमुक गोष्ट अमुक पानावर. पाककृतीचं पुस्तक दुपारी निवांत चाळणं वेगळं, आणि फोडणी तडतडत असताना त्यात मिठाचं प्रमाण शोधणं वेगळं.

जागेचा प्रश्न सोडवण्याच्या नादात एकदा मोठी गंमत झाली. १९८९ मध्ये राक्षसांचं पुस्तक बांधीव न काढता सुट्या पानांचं काढलं, तीन कड्यांच्या फाइलीत लावायचं. कल्पना सुरेख: नवे राक्षस आले की पानं वर्णानुक्रमे मधे घालायची, पुस्तक कधी जुनं होणार नाही. पण पानाला दोन बाजू असतात! समजा, पुढच्या बाजूला 'क'चा राक्षस, मागच्या बाजूला 'ग'चा. पुरवणीत 'ख'चा आला. तो घालणार कुठं? कागद उभा चिरल्याशिवाय जागाच नाही. १९९३ मध्ये मुकाट्यानं पुन्हा बांधीव पुस्तक निघालं.

साहसांच्या छोट्या पुस्तिकांनी मात्र जुन्या काळातच दोन चांगल्या सोयी शोधल्या. एक, मुखपृष्ठ सुटं ठेवायचं आणि नकाशा त्याच्या आतल्या बाजूला छापायचा. सूत्रधार ते आपल्यासमोर उभं करतो. त्याला नकाशा दिसतो, खेळाडूंना बाहेरचं चित्र. दोन, जे मोठ्यानं वाचून दाखवायचं ते चौकटीत, जे मनात ठेवायचं ते चौकटीबाहेर. खोलीत गालिचा आहे, हे चौकटीत. गालिच्याखाली खड्डा आहे, हे बाहेर. पानाकडे एक नजर टाकली की काय बोलायचं नि काय गिळायचं ते कळतं.

आणि अलीकडची एक गोष्ट. २०१९ मध्ये गॅव्हिन नॉर्मन ह्यांनी 'ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स' हे नियमांचं पुस्तक काढलं. त्यातले मूळ नियम १९८१ च्या संचातलेच, जवळजवळ जसेच्या तसे. नवी होती ती मांडणी. एक विषय शक्यतो समोरासमोरच्या दोन पानांत संपवायचा. पुस्तक उघडं टाकलं की सगळं डोळ्यांपुढं, पान उलटायला नको. जुन्याच नियमांना लोकांनी नव्यानं पैसे मोजले, ते ह्या मांडणीसाठी.

आता आमच्या चोराकडे येते. २०२४ मध्ये, म्हणजे पहिल्या खोक्यानंतर बरोबर पन्नास वर्षांनी, 'प्लेअर्स हँडबुक'ची नवी आवृत्ती आली. शेवटी नियमांचा कोश जोडला आहे, वर्णानुक्रमे. लपण्याची नोंद एकाच ठिकाणी. कशाच्या आड लपता येतं आणि फाशावर किती पडायला हवेत, ते तिथंच. पुढचं 'अदृश्य' ह्या नोंदीत, जवळच्याच पानांवर.

भाच्यानं ती आवृत्ती आणली. परवा चोर पुन्हा पिंपाआड लपला, आणि नियम अर्ध्या मिनिटात सापडला. नंतर त्याचा अर्थ काय ह्यावर अर्धा तास वाद झाला, तो भाग वेगळा. त्याला पुस्तकाचा इलाज नाही. पण तुमच्यापैकी जे कुणी पुस्तकं करत असतील, मग ती सोसायटीच्या नियमांची असोत की शाळेच्या प्रयोगवहीची, त्यांना एवढंच सांगणं: छापण्याआधी ते पुस्तक घाईत असलेल्या माणसाच्या हाती द्या, एक प्रश्न विचारा आणि घड्याळ लावा.