लूत लागलेलं पिल्लू



एखाद्याला अपमान करून घालवून दिलं, की ‘लूत लागलेल्या कुत्र्यासारखं हाकललं’ असं आपण सहज बोलून जातो. हा शब्दप्रयोग आला तो अनुभवातूनच. केस झडलेले, कातडी जाड आणि सुरकुतलेली, खाजवून खाजवून रक्त आलेलं, अंगाला वास येणारं कुत्रं जवळ आलं, की माणूस आधी दगड शोधतो. मोठं कुत्रं निदान पळून तरी जातं. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाला तेही जमत नाही. आज मला बोलायचं आहे ते अशा पिल्लांविषयी, आणि त्यांना बरं करताना त्यांचे आणखी हाल होऊ नयेत म्हणून काय करता येईल, याविषयी.

मी ठाण्यात कोलशेत भागात पशुवैद्य म्हणून काम करतो. कोलशेत हे खाडीकाठचं आगरी-कोळ्यांचं जुनं गाव. पुढे या रस्त्यावर रसायनांचे मोठे कारखाने आले. त्यातले काही गेले आणि त्या जमिनींवर उंच टॉवर उभे राहिले. गाव, बांधकामांच्या साइट, मजुरांच्या झोपड्या आणि टॉवर असं सगळं इथे एकमेकांना खेटून आहे. या सगळ्यांच्या मधून मोकळेपणी फिरतात ती फक्त कुत्री. पावसाळा सरला, की थंडीत त्यांची पिल्लं जन्मतात. ती आईपासून सुटी होऊ लागतात, तेव्हा माझ्याकडे लुतीचे रोगी येऊ लागतात. कुणी पाटीत घालून आणतं, कुणी शाळेच्या दप्तरातून.

लूत म्हणजे नेमकं काय? घाणीमुळे होणारा हा आजार नाही, की कुठलं ‘गरम’ खाल्ल्यामुळे होणाराही नाही. डोळ्यांना जेमतेम दिसतील किंवा दिसणारही नाहीत इतके बारीक आठ पायांचे किडे तो करतात. इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी या दोघांनी १६८७ साली सूक्ष्मदर्शकाखाली माणसाच्या खरजेचा किडा पाहून त्याचं वर्णन लिहिलं. कुत्र्याच्या लुतीचा एक किडा याच घराण्यातला आहे.

‘एक किडा’ म्हणालो, कारण लूत दोन प्रकारची असते आणि सगळ्या उपचाराची किल्ली इथेच आहे. पहिल्या प्रकारातला सार्कोप्टिस हा किडा कातडीच्या वरच्या थरात बोगदे करतो आणि त्यांत अंडी घालतो. याची खाज भयंकर असते. पिल्लू झोपूच शकत नाही. कानांच्या कडा, कोपरं आणि पोट इथून सुरुवात होते. ही लूत एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जाते. दुसऱ्या प्रकारातला किडा म्हणजे डेमोडेक्स. तो केसांच्या मुळाशी राहतो आणि जवळजवळ सगळ्याच कुत्र्यांच्या अंगावर थोडाफार असतोच. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, दूध पिताना, तो आईकडून पिल्लाकडे येतो. पिल्लाची प्रतिकारशक्ती कच्ची असली, पोटात जंत असले, उपासमार झाली, की त्याची संख्या वाढते आणि डोळ्यांभोवती, तोंडाजवळ, पुढच्या पायांवर टक्कल पडल्यासारखे चट्टे दिसू लागतात. याला सुरुवातीला खाज फारशी नसते आणि तो माणसाला लागत नाही.

आता गंमत अशी, की पिल्लाच्या अंगावर डेमोडेक्सचे दोन-चारच चट्टे असतील, तर बहुतेक पिल्लं एक-दोन महिन्यांत आपोआप बरी होतात. पोटभर खाणं, जंतांचं औषध आणि थोडा धीर एवढंच पुरतं. या काळात त्या पिल्लाला कुणी हळद लावलेली असते, कुणी दही, कुणी गंधक, कुणी आणखी काही. पिल्लू बरं होतं आणि श्रेय जातं त्या लेपाला. मग तोच लेप पुढच्या पिल्लाला लावला जातो. आपल्याकडच्या कितीतरी ‘रामबाण’ उपायांची कीर्ती अशीच झालेली आहे.

एका वर्षी खाडीच्या बाजूने एक आजी पिशवीत पिल्लू घेऊन आल्या. पिल्लू डोक्यापासून शेपटीपर्यंत काळंकुट्ट आणि चिकट. मी विचारलं, “आजी, काय लावलंय याला?”

“बोटीच्या इंजिनाचं जळकं ऑइल, डॉक्टर. आमच्याकडे सगळे हेच लावतात. आमच्या मोत्याला यानंच गुण आला होता.”

आजींचा हेतू वाईट नव्हता. नातवाने आणलेलं पिल्लू त्यांना वाचवायचं होतं. पण घाईही होती. नातवाच्या पोटावर आणि हातांवर लाल पुरळ उठलं होतं आणि सुनेने निर्वाणीचं सांगितलं होतं, की येत्या रविवारपर्यंत हे बरं झालं नाही, तर खाडीपलीकडे सोडून येणार. त्या आईलाही मी दोष देणार नाही. रात्रभर खाजवणारं मूल समोर असलं, की कुत्र्याचा विचार दुसरा येतो.

जळक्या ऑइलची सवय मात्र मोडलीच पाहिजे. इंजिनातून काढलेल्या तेलात झिजलेल्या धातूंचे कण आणि इंधनाचे विषारी अवशेष असतात. कुत्रं अंग चाटतं, म्हणजे ते सगळं पोटात जातं. सोललेल्या कातडीतूनही ते आत शिरतं. काळ्या लेपाने उन्हात अंग तापतं ते वेगळंच. रॉकेल, फिनेल आणि शेतातली कीटकनाशकं यांची गोष्ट याहून वाईट. दीड किलोच्या जिवाला यातलं थोडंही पुरतं. घरगुती म्हणजे सौम्य, हा आपला एक लाडका समज आहे. लुतीच्या बाबतीत तो बऱ्याचदा उलटा ठरतो.

कडुनिंबाचं आणि करंजाचं तेल या पंगतीत बसवणं अन्यायाचं होईल. पण ही तेलं कातडीत खोल बसलेल्या किड्यांचा बंदोबस्त करतील, असा भरवसा धरू नये. ती चाटल्याने लहान पिल्लांचं पोटही बिघडतं. आणखी एक धोका घराघरात आहे. माणसांच्या खाजेची जी ट्यूब आपण औषधाच्या दुकानातून विचारपूस न करता आणतो, त्यातल्या अनेकींत स्टेरॉइड असतं. ते लावलं, की दोन दिवस खाज थांबते, सगळ्यांना बरं वाटतं, आणि प्रतिकारशक्ती दबल्याने आत किडे जोमाने वाढतात.

मग औषध कोणतं? पूर्वी आम्हा पशुवैद्यांकडचे उपायही काही कमी दांडगे नव्हते. अमिट्राझच्या पाण्याने अंघोळी घालाव्या लागत. औषध गुणकारी, पण त्याने कुत्रं सुस्तावतं, हृदयाचे ठोके मंदावतात. अंघोळ घालणाऱ्यालाही हातमोजे घालून मोकळ्या हवेत बसावं लागतं. चार महिन्यांखालच्या पिल्लांना ते टाळलेलंच बरं.

मोठा फरक पडला तो आयव्हरमेक्टिनने. जपानमधल्या एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीतून सातोशी ओमुरा यांनी एक सूक्ष्मजीव वेगळा केला. विल्यम कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापासून हे औषध घडवलं. १९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आलं आणि २०१५ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. औषध स्वस्त आहे आणि नीट वापरलं तर उत्तम आहे. पण गाई-म्हशींसाठीचं इंजेक्शन इतकं तीव्र असतं, की पिल्लाला त्याचा एक थेंबभरसुद्धा जास्त होऊ शकतो. माणसांसाठीची १२ मिलिग्रॅमची गोळी साधारण ६० किलो वजनाच्या माणसाच्या हिशेबाची असते. तिचा तुकडा मोडून दोन किलोच्या पिल्लाला अंदाजाने देणं म्हणजे जुगार आहे. अगदी कोवळ्या पिल्लांत, आणि कोली जातीच्या काही कुत्र्यांत आनुवंशिक दोषामुळे, हे औषध मेंदूत शिरतं. मग लडखडणं, आंधळेपणा, बेशुद्धी. म्हणून ते स्वतःच्या मनाने देऊ नका.

त्यानंतर मात्र खरोखर सौम्य म्हणावेत असे पर्याय हाती आले आहेत. सेलामेक्टिनचे थेंब मानेवर कातडीला लावायचे असतात आणि सहा आठवड्यांपासूनच्या पिल्लांना ते चालतात. सार्कोप्टिसवर ते चांगले आहेत. त्याहून नव्या गोळ्या म्हणजे अफोक्सोलनर, फ्लुरालनर आणि त्यांची भावंडं. या मुळात पिसवा आणि गोचिडांसाठी २०१३ नंतर आल्या. पुढे असं दिसलं, की दोन्ही प्रकारच्या लुतीवर त्या उत्तम काम करतात. गोळीला मांसाची चव असते. पिल्लू ती खाऊ समजून खातं. धरपकड नाही, अंघोळी नाहीत, वास नाही. रस्त्यावरच्या बुजऱ्या कुत्र्यांसाठी तर हे वरदानच आहे. मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पिल्लू साधारण आठ आठवड्यांचं आणि दोन किलोंचं तरी हवं. आकडी येणाऱ्या कुत्र्यांत फार जपून वापरावं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला आहे. आणि किंमत आयव्हरमेक्टिनच्या कितीतरी पट.

आजींचं पिल्लू सहा आठवड्यांचं आणि दीड किलोचं होतं. म्हणजे गोळीचा प्रश्नच नव्हता. आधी ऑइल काढायचं होतं. गोडेतेल चोळून ते सैल केलं, मग भांड्याच्या सौम्य साबणाने, कोमट पाण्याने दोनदा धुतलं आणि टॉवेलमध्ये गुंडाळून ऊब दिली. ओलं पिल्लू गारठून मरू शकतं, हे विसरू नये. मग कानाच्या कडेची कातडी हलकेच खरवडून काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. सार्कोप्टिसच निघाला. कधीकधी तो खरवडीत सापडत नाही, तेव्हा लक्षणांवरून उपचार करावे लागतात. त्या पिल्लाला आम्ही सुरुवातीला गंधकाच्या सौम्य द्रावणाने दर आठवड्याला न्हाऊ घातलं. गंधक हे जुनं औषध आहे. कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, पण कोवळ्या पिल्लांना आणि लहान बाळांनाही ते सोसतं. जंतांचं औषध दिलं. वजन दोन किलोंच्या पुढे गेल्यावर गोळी दिली.

आजींच्या सुनेशी बोलणं हा उपचाराचा अर्धा भाग होता. तिला सांगितलं, की कुत्र्याच्या लुतीचा हा किडा माणसाच्या अंगावर आला तर खाज देतो, पण तिथे त्याचा वंश वाढत नाही. कुत्र्यावर उपचार झाले, की मुलाचं पुरळही काही आठवड्यांत जातं. तरी मुलाला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, कारण माणसांची स्वतःची खरूज असेल तर तिला वेगळे उपचार लागतात. पिल्लाचं गोणपाट उकळत्या पाण्यातून काढा, उन्हात टाका. घरात दुसरं कुत्रं असेल तर त्यालाही औषध हवं. आणि किडे मेल्यावरही खाज दोन-तीन आठवडे राहते, तेव्हा औषध लागू पडलं नाही असं समजू नका. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “महिनाभर बघते, डॉक्टर. पण मुलाला त्याच्याजवळ झोपू देणार नाही.” मी म्हटलं, “तेवढं पुरे आहे.” रविवार टळला. दीड महिन्याने त्या पिल्लाच्या अंगावर तांबूस लव आली होती.

तेव्हा श्रोतेहो, तुमच्या सोसायटीच्या फाटकाशी असं पिल्लू दिसलं, तर काय कराल? त्याला दूर नेऊन सोडू नका. उपाशी मरेल अशा अवस्थेत प्राण्याला टाकून देणं हा १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय लूत सोडलेल्या जागी पसरतेच. अंड्याचा, भाताचा, मटणाच्या सुपाचा घास द्या. जुना मऊ टॉवेल आणि हातमोजे वापरून ते डॉक्टरांकडे न्या. नेणं जमत नसेल, तर प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला कळवा. मुंबईत १९८५ पासून काम करणाऱ्या ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ या संस्थेने तर रस्त्यावरच, कुत्रं आहे तिथे जाऊन प्रथमोपचार करण्याची पद्धत रुळवली आहे. मात्र हाताळताना ते चावलं किंवा ओरखडलं, तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जा. पिल्लू लहान आहे म्हणून यात सूट नाही.

औषध निवडताना डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा : ही लूत कुठली? पिल्लाचं वय आणि वजन या औषधाला पुरेसं आहे का? आणि उपचार कधी थांबवायचे? तिसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण केस आले की लोक येणं बंद करतात. अंगभर पसरलेल्या डेमोडेक्समध्ये महिन्याच्या अंतराने दोनदा खरवड तपासून ती स्वच्छ निघाली, तरच औषध थांबवायचं असतं.

लूत हा बरा होणारा आजार आहे. औषधं आहेत, आणि आता ती पिल्लाला न छळताही देता येतात. तेवढा महिना-दीड महिना त्या पिल्लाला आपल्या आसपास राहू द्या, एवढीच विनंती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)