रोजच्या ताटातील तिखट आणि फोडणी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात महिला शाखेच्या वतीने झालेले भाषण)



शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि ज्ञातिगृहाची दुरुस्ती अशा भारदस्त विषयांवरील भाषणे झाल्यानंतर आम्ही चुलीजवळचा विषय घेऊन आपल्यापुढे उभ्या आहोत. मिरची-मसाल्याची चर्चा व्यासपीठावर कशाला, असे कोणास वाटल्यास नवल नाही. परंतु आपल्या ज्ञातीत सोयरीक ठरविताना पत्रिका, शिक्षण आणि नोकरी यांच्या जोडीने एक प्रश्न आजही हमखास निघतो: ‘तुमच्याकडे तिखट कितपत खातात?’ आपली काही घरे किनारपट्टीवरची, काही घाटावरची. मुलगी एकीकडून दुसरीकडे गेली की तिच्या पहिल्या आमटीवरच तिची परीक्षा होते. ‘अगदीच मिळमिळीत’ किंवा ‘तोंडात घालवत नाही’, असा शेरा एकदा बसला म्हणजे तो तिच्याच नव्हे, तर तिच्या माहेरच्याही नावास वर्षानुवर्षे चिकटून राहतो. ज्या पदार्थाच्या मापाने आपण घरांची किंमत करतो, तो पदार्थ तरी आपल्या घरात कधी आला, हे एकदा पाहणे अगत्याचे आहे.

मिरची ही मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीज १४९८ साली कालिकतला उतरले, १५१० साली त्यांनी गोवे घेतले आणि त्यांच्या जहाजांबरोबर सोळाव्या शतकात मिरची आपल्या पश्चिम किनाऱ्यास लागली. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन आहे. त्यात मिरी आहे, हिंग आहे, आले आहे. मिरची नाही, आणि असणे शक्यही नव्हते. मिरी, पिंपळी, सुंठ आणि मोहरी यांवरच आपल्या पूर्वजांचे तिखट चालत असे. नव्या फळास नाव देतानाही आपल्या लोकांनी जुन्या मिरीचेच नाव थोडे फिरवून दिले. तेव्हा ‘आमच्या घराण्याचे तिखट परंपरागत’ असे कोणी अभिमानाने सांगू लागल्यास ती परंपरा फार तर चार-पाचशे वर्षांची आहे, इतके ध्यानात ठेवावे.

येथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुष्कळ घरांत उपासाच्या दिवशी हळद, हिंग आणि मोहरी वर्ज्य असतात, आणि साबुदाण्याची खिचडी मात्र चालते. या खिचडीतील साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची हे चौघेही अमेरिकेहून आलेले पाहुणे! घरची मंडळी ओसरीवर बसली आणि पाहुणे देवघरात गेले, असा हा प्रकार आहे.

मिरची इतकी घरोघर कशी शिरली, याचे कारण मात्र गमतीचे नाही. मिरी मलबारातून यावयाची आणि पैसे मोजून घ्यावी लागावयाची. मिरची परसात उगवते, वाळविली की वर्षभर टिकते, आणि एका मिरचीवर दोन भाकरी खाऊन होतात. ज्या घरात भाजी नव्हती, डाळ नव्हती, त्या घरात मीठ, मिरची आणि लसूण यांच्या ठेच्याने ज्वारी-बाजरीची कोरडी भाकरी घशाखाली उतरविली. आपल्या वाडवडिलांपैकी अनेकांनी असे दिवस काढले आहेत. त्या तिखटास हसणे आम्हांस मान्य नाही. मात्र जेव्हा ताटात भाजी, वरण, ताक सर्व काही आहे, तेव्हाही त्याच मापाने सर्व पदार्थ लाल करावयाचे, यास काय म्हणावे?

तिखटपणा ही वस्तुतः चव नव्हेच. जिभेवर उष्णतेची जाणीव करून देणारी जी यंत्रणा आहे, तीच मिरचीतील द्रव्याने जागी होते. अंगास चटका बसला की जी खूण मेंदूस जाते, तीच येथे जाते. ती यंत्रणा १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांनी शोधून काढली आणि २०२१ साली त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. म्हणून तोंड भाजल्यावर तांब्याभर पाणी पिऊन उपयोग होत नाही. दूध, दही किंवा ताक घ्यावे. तिखटपणा बियांत असतो अशी समजूत आहे, तीही पुरती खरी नाही. बिया ज्या पांढऱ्या शिरांना चिकटलेल्या असतात, त्या शिरांत तो मुख्यतः असतो. हिरवी मिरची उभी चिरून त्या शिरा काढून टाकल्या तर मिरचीचा वास राहतो आणि दाह पुष्कळ कमी होतो. घरात लहान मूल किंवा आम्लपित्ताने त्रासलेले वडील असतील, तर एवढे करावयास दोन मिनिटे लागतात.

सुक्या मिरचीची निवडही डोळसपणे करावी. ब्याडगी ही सुरकुतलेली, गडद लाल मिरची रंगासाठी, लवंगी तिखटासाठी. संकेश्वरी, गुंटूर यांचा प्रत्येकीचा झणका निराळा. निम्म्याहून अधिक ब्याडगी घेतल्यास आमटीस रंग येतो आणि जीभही शाबूत राहते. पुष्कळदा रंग येत नाही म्हणून तिखट वाढविले जाते, आणि मग तोंड भाजते. सबंध मिरची फोडणीत टाकली तर तेलास वास लागतो, तिखटपणा बेताचाच उतरतो. मोडली, चिरली, वाटली की तो चढत जातो. तिखटाची पूड कडकडीत तेलात क्षणात जळून कडू होते. भांडे खाली उतरवून ती घालावी आणि लागलीच भाजी किंवा पाणी घालावे.

आता मोहरीकडे वळू, कारण फोडणीत तीच पहिली. मोहरीचा दाणा कोरडा चावला तर फारसा तिखट लागत नाही. तो फोडून पाण्यात फेसला की आतली दोन द्रव्ये एकत्र येतात आणि नाकात झणका चढतो. म्हणूनच आपल्या आज्या लोणच्यास आणि कोशिंबिरीस मोहरी फेसून घालीत. उलट गरम तेलात तडतडली की ती क्रिया घडविणारे द्रव्यच नष्ट होते, झणका जातो आणि खमंगपणा येतो. एकाच दाण्याची ही दोन रूपे ज्यांना ठाऊक होती, त्यांना मिरचीवाचून अडत नसे. मात्र ती पुरती तडतडल्यावाचून पुढे जाऊ नये. कच्ची राहिलेली मोहरी दातांखाली कडवट लागते. मग जिरे, मग चिमूटभर हिंग, मग हळद. हळद शेवटी, कारण ती लवकर करपते.

हिंगाविषयी इतकेच, की तो इराण-अफगाणिस्तानातून येतो. आपल्या देशात त्याची लागवड हिमाचलातील लाहौलमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये प्रथम करण्यात आली. बाजारात मिळतो तो बहुधा पीठ आणि डिंक मिसळून बांधलेला असतो. हळद मात्र आपल्या घरची. सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. फार पिवळीधमक पूड पाहून भुलू नये. शिसेयुक्त रंगाची भेसळ विषारी असते. शक्य तेथे हळकुंडे आणून दळून घ्यावीत.

घाटावरच्या गोड्या मसाल्यात धने, जिरे, तीळ, सुके खोबरे, दालचिनी, नागकेशर आणि दगडफूल. मिरची नाही किंवा नावापुरती. दगडफूल भाजल्यावाचून त्याचा सुवास उघडत नाही, आणि प्रत्येक जिन्नस थोड्या तेलावर निरनिराळा भाजावा लागतो, कारण तीळ आणि धने एकाच वेळी तयार होत नाहीत. किनाऱ्यावर बांगड्याच्या कालवणात तिरफळे पडतात. जिभेस किंचित मुंग्या आणणारी ती चव मिरचीने कधी साधावयाची नाही. आणि आमसूल! ज्या आमटीत आंबट आणि गोड यांचा तोल साधला आहे, तीत तिखट कमी पडले असे क्वचितच कोणी म्हणते.

आपल्या ताटाची मांडणी पाहा. डाव्या हातास चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. ही मांडणी ज्यांनी घातली त्यांनी ज्याचे त्याचे तिखट डावीकडे ठेवून प्रत्येकास आपापल्या मापाने घेण्याची मुभा दिली. घरात एक आमटी सर्वांस पुरेल अशी करावी आणि ज्यास झणझणीत हवे त्याने ठेचा किंवा चटणी लावून घ्यावी. सासूबाईंनी नव्या सुनेच्या आमटीचे तिखट मोजण्याऐवजी ताटात डावीकडे एक चटणी अधिक वाढली, तर कित्येक घरांतील पहिले वर्ष सुखाचे जाईल.

एक काळजी मात्र आम्हांस लागून राहिली आहे. गच्ची गेली, अंगण गेले. चैत्र-वैशाखात मिरच्या वाळत घालावयास जागा राहिली नाही. मुंबईतील मंडळी लालबागच्या मिरची गल्लीतून जिन्नस घेऊन तेथेच मसाला कुटून आणतात, हे चांगलेच आहे. परंतु पुष्कळ घरी आता पाकीट येते. पाकिटास आमचा विरोध नाही. नोकरी करणाऱ्या मुलीने मसाला कुटीत बसावे असा आमचा आग्रह नाही. पण आजीच्या मुठीचे माप आजीबरोबर जाते. कमलाबाई ओगले यांनी १९७० सालच्या ‘रुचिरा’त वाटी-चमच्याचे माप दिले, म्हणून कित्येक मुली परगावी राहून स्वयंपाक शिकल्या. आपल्या घरांतील मसाले मात्र अद्याप मुठीत, चिमटीत आणि ‘अंदाजाने’ या एका शब्दात अडकलेले आहेत.

याकरिता महिला शाखेने ठरविले आहे, की पुढील वर्षाच्या स्मरणिकेत ज्ञातीतील घरगुती मसाल्यांचे एक स्वतंत्र पान द्यावे. ज्यांच्या घरी वडीलधाऱ्या बायका आहेत, त्यांनी त्या मसाला करीत असताना शेजारी वजनकाटा घेऊन बसावे आणि प्रत्येक मूठ भांड्यात पडण्यापूर्वी तोलून घ्यावी. मिरच्यांची जात आणि वजन, कोणता जिन्नस कशात व किती भाजला, आणि तो मसाला कोणत्या पदार्थास चालतो, एवढे कागदाच्या एकाच बाजूस सुवाच्य अक्षरांत लिहून दिवाळीपूर्वी ज्ञातिगृहाच्या कचेरीत द्यावे. मसाल्यास घराण्याचे नाव द्यावयाचे नसल्यास गावाचे नाव दिले तरी चालेल.