पऱ्हाटी, काडी आणि कायदा

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाची शेवटची वेचणी आटोपली की आपल्याला दोन हुकूम येतात. कृषी खाते सांगते, फरदड घेऊ नका, पऱ्हाटी उपटून नष्ट करा, नाही तर गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात परत येईल. २०१७च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्याने ही अळी भोगली आहे, तेव्हा हे सांगणे खोटे नाही. दुसरा हुकूम सांगतो, शेतात जाळू नका, धूर होतो. नष्ट करायचे पण जाळायचे नाही, मग करायचे कशाने आणि कोणाच्या पैशाने? हे सांगायला मात्र कोणी धुऱ्यावर येत नाही.

दंडाचे आकडे ऐकून गावोगाव भीती पसरते. आधी ते आकडे नीट समजून घेऊ. डिसेंबर २०१५मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने २ एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला २,५०० रुपये, ५ एकरांपर्यंत ५,००० आणि त्यावर १५,००० रुपये ठरवले. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राने हे आकडे दुप्पट केले. पण हा तक्ता दिल्लीच्या हवेसाठी आहे. तो दिल्ली, पंजाब, हरियाणा, राजस्थान, उत्तर प्रदेश यांच्यासाठी. तो दाखवून आपल्याकडे कोणी पैसे मागत असेल तर पावती आधी मागा आणि कलमही विचारा.

म्हणून मोकळे रान मिळाले असे मात्र समजू नका. आपल्याला लागू होणारे कायदे वेगळे आहेत.

१९८१च्या हवा प्रदूषण कायद्याच्या कलम १९ प्रमाणे राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढून ठरावीक क्षेत्रात जाळण्यावर बंदी घालू शकते. जिल्हाधिकारीही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३खाली, म्हणजे जुन्या १४४खाली, मनाई हुकूम काढू शकतात. असा हुकूम दोन महिन्यांपर्यंत चालतो, तो वाढवायचा अधिकार राज्य सरकारचा. तेव्हा कोणी बंदी सांगितली की तीन गोष्टी विचारा: हुकूम कोणत्या कलमाचा, कोणत्या तारखेचा, कोणत्या गावांना लागू?

आगीने जिवाला धोका झाला तर न्याय संहितेचे कलम २८७ आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

ज्यांचे शेत जंगलाला लागून आहे त्यांनी तर फार जपावे. १९२७च्या वन कायद्याचे कलम २६ राखीव वनातल्या आगीला शिक्षा सांगते, वर नुकसानभरपाईही. आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागलेली असली तर सरकार त्या वनातले चराईचे हक्क बंद ठेवू शकते. काडी एकाची आणि गुरे उपाशी अख्ख्या गावाची!

ठिबकच्या फाटक्या नळ्या आणि औषधांचे डबे पऱ्हाटीच्या ढिगात टाकून पेटवू नका. त्याचा धूर विषारी असतो. शिवाय उघड्यावर कचरा जाळण्याला लवादाने २२ डिसेंबर २०१६ रोजी ५,००० रुपये दंड सांगितला आहे आणि तो आदेश देशभरचा आहे.

आता शेतीशास्त्राचे बोलू. बोंडअळी काडीत नसते. ती उरलेल्या किडक्या बोंडांत आणि सरकीत दडून बसते. म्हणून वेचणी संपताच शेतात शेळ्या-मेंढ्या सोडाव्यात, उरलेली बोंडे तोडून नष्ट करावीत. चुलीसाठी पऱ्हाटी ठेवायची तर बोंडे काढूनच ठेवावी आणि पावसाआधी ढीग संपवावा. बाकीची यंत्राने बारीक करून जमिनीत घालावी. जाळल्याने सेंद्रिय कर्ब आणि नत्र हवेत जाते. राखेत पालाश राहते खरे, पण चैत्र-वैशाखाच्या वाऱ्यात ती राख आपल्याच शेतात राहील याची खात्री कोण देणार? कोरडवाहू जमिनीला ओल धरायला कर्ब लागतो. ज्वारीच्या कडब्याला आपण काडी लावत नाही, कारण त्याला गुरे आहेत आणि भाव आहे. धसकटे जाळतो, कारण त्यांना कोणी विचारत नाही. पुसदच्या नाडेपकाकांनी दाखवलेल्या टाक्यात धसकटे, काडीकचरा, माती आणि थोडे शेण एवढ्यावर खत होते.

तरी कुठे ना कुठे काडी लागणारच. त्यासाठी प्रत्येक गावाने ग्रामसभेत आपला नियम करावा, असे आम्ही सुचवतो:

१. आदल्या दिवशी चारही धुरेकऱ्यांना सांगावे. जंगलालगत असेल तर वनरक्षकाला विचारल्याशिवाय पेटवू नये.
२. भोवती दहा फूट पट्टा वखरून मोकळा करावा. वर वीजतार, शेजारी गंजी किंवा गोठा असेल तर ढीग दुसरीकडे न्यावा.
३. वारा पडलेला असताना सकाळी पेटवावे. भर दुपारी कधीही नाही.
४. दोन माणसे आणि पाण्याचे पिंप जवळ असावे. राख थंड होईपर्यंत जागा सोडू नये.

आणि सरकारकडे आपली मागणी सरळ आहे. परवान्याची अट घालायची तर परवाना गावातच, त्याच दिवशी, फुकट मिळाला पाहिजे. तहसीलच्या तीन चकरांत पेरणीची तयारी बुडते. बंदी घालायची तर आधी पऱ्हाटी बारीक करणारे यंत्र परवडेल अशा भाड्याने शिवारात उभे करा. ऑक्टोबर २०२१च्या धोरणात केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने कोळशाच्या वीजकेंद्रांना पिकांच्या अवशेषांच्या गोळ्या जाळायला सांगितले. मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेने पऱ्हाटीपासून फळ्या करून दाखवल्या. म्हणजे पऱ्हाटीला किंमत आहे. ती किंमत शेतकऱ्याच्या हातात पडली तर जाळू नका म्हणून सांगायला शिपाई लागणार नाही.

हे चार नियम आणि ही मागणी येत्या ग्रामसभेत ठराव म्हणून मांडा, आणि ठरावाची नक्कल पुढच्या बैठकीला सोबत आणा.