पदकाची मागची बाजू

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

पदक म्हटले की आपल्याला शाळेतले बक्षीस, ऑलिंपिकचा विजयमंच किंवा सैनिकाच्या छातीवरची रंगीत फीत आठवते. आज मी ज्या पदकाविषयी बोलणार आहे, त्याला फीत नसते, कडी नसते आणि ते कोणी गळ्यात घालत नाही. ते हातात घेऊन पाहायचे असते. तळहातावर मावणारे, ब्राँझचे, दोन्ही बाजूंनी घडवलेले ते एक छोटेसे शिल्पच असते. त्याला आपण स्मृतिपदक म्हणू. युरोपात आजही अशी पदके घडवणारे शिल्पकार आहेत. त्यांनी ज्यांचा असा गौरव केला, त्या मानकऱ्यांमध्ये एक वर्ग चटकन लक्षात न येणारा आहे. तो म्हणजे वस्तुसंग्रहालयातल्या अभिरक्षकांचा, ज्यांना आपण क्युरेटर म्हणतो त्यांचा.

राजाचे पदक आपण समजू शकतो. सेनापतीचे, शास्त्रज्ञाचेही समजू शकतो. पण अभिरक्षकाचे पदक कशासाठी? तो लढाई जिंकत नाही, शोध लावल्याचा डंका पिटत नाही. संग्रहालयातल्या प्रत्येक वस्तूखाली नावाची चिठ्ठी असते; ती लिहिणाऱ्याचे नाव मात्र तिच्यावर कधी नसते. मग त्याचा चेहरा धातूत ओतावा असे कोणाला का वाटावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना पदक ही वस्तूच नीट समजून घ्यावी लागते.

आज आपण ज्याला स्मृतिपदक म्हणतो, त्याची सुरुवात इटलीतल्या पिसानेल्लो या चित्रकारापासून मानतात. बायझंटाइन सम्राट आठवा जॉन १४३८ साली धर्मपरिषदेसाठी फेरारा शहरी आला होता. त्या निमित्ताने पिसानेल्लोने त्याचे पदक घडवले. एका बाजूला उंच टोपी घातलेल्या सम्राटाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसून वाटेतल्या क्रुसासमोर हात जोडणारा तोच सम्राट. नाण्याच्या छाप्या-काट्यासारखीच ही रचना आहे. पण नाण्याला किंमत असते, पदकाला फक्त अर्थ असतो. पुढची बाजू सांगते की हा माणूस कसा दिसत होता. मागची बाजू सांगते की तो काय होता.

याच पिसानेल्लोने १४४६च्या सुमारास आणखी एक पदक घडवले आणि ते मला सम्राटाच्या पदकाहून मोठे वाटते. ते आहे व्हित्तोरिनो दा फेल्त्रे या शाळामास्तरांचे. मांतुआच्या दरबारी आश्रयाखाली ते शाळा चालवत. तिथे सरदारांच्या मुलांबरोबर गरिबांची मुलेही शिकत आणि त्यांच्याकडून फी घेतली जात नसे. त्यांच्या पदकाच्या पुढच्या बाजूला साध्या टोपीतला एक कृश, वयस्क चेहरा आहे. मागे आहे पेलिकन पक्षी. हा पक्षी स्वतःची छाती फोडून पिलांना रक्त पाजतो, अशी तिकडची जुनी समजूत. एका शिक्षकाचे सारे आयुष्य त्या तीन-चार बोटे रुंदीच्या धातूवर आले. पदक फक्त सत्तेचे नसते, सेवेचेही असू शकते, हे तेव्हाच ठरून गेले. अभिरक्षकाचे पदक याच घराण्यातले.

आता हे पदक तयार कसे होते ते पाहू. दोन मार्ग आहेत. एक ठशाचा. पोलादी ठशांमध्ये धातूची चकती ठेवून प्रचंड दाबाने छाप उमटवायचा. आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पाडली जाणारी पदके याच प्रकारची. दुसरा मार्ग ओतकामाचा. शिल्पकार मेणात, मातीत किंवा प्लास्टरमध्ये नमुना घडवतो, त्यावरून साचा होतो आणि साच्यात वितळलेले ब्राँझ ओततात. मेण वितळवून काढून त्या पोकळीत धातू ओतण्याची रीत आपल्या ओताऱ्यांनाही पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ठशाचे पदक काटेकोर असते. ओतलेल्या पदकावर शिल्पकाराच्या बोटाचा दाबही दिसू शकतो. शेवटी रसायनांची पुटे देऊन तपकिरी, काळी किंवा हिरवी छटा आणली जाते.

ओतकामात एक गंमत आहे आणि अभिरक्षकाचे काम तिथेच सुरू होते. ब्राँझ थंड होताना आकसते, शंभर मिलिमीटरमागे साधारण एक ते दोन मिलिमीटर. समजा, एखाद्याने जुने पदकच नमुना म्हणून वापरले, त्यावरून साचा केला आणि नवे पदक ओतले. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतील. पण नवे पदक किंचित लहान भरेल आणि त्यावरची अक्षरे जराशी बोथट होतील. म्हणजे मूळ कोणते आणि नक्कल कोणती, हे मोजपट्टी सांगते. मात्र त्यासाठी जगभरच्या प्रतींची मापे कोणीतरी आधी घेऊन ठेवलेली हवीत.

ती घेणाऱ्यांत एक मोठे नाव सर जॉर्ज फ्रान्सिस हिल यांचे. त्यांचा जन्म १८६७ साली आपल्याच देशात, बंगालमधल्या बहरामपूरला, एका मिशनऱ्याच्या घरी झाला. १८९३ साली ते ब्रिटिश म्युझियमच्या नाणी व पदके विभागात रुजू झाले, १९१२ साली विभागाचे प्रमुख झाले आणि १९३१ ते १९३६ या काळात साऱ्या संग्रहालयाचे संचालक होते. १९३० साली त्यांनी इटलीतल्या प्रबोधनकाळातील पदकांची दोन खंडांची सूची प्रसिद्ध केली. तेराशेहून अधिक पदके, प्रत्येकाची मापे, लेख, प्रती कुठे आहेत त्यांची माहिती. हे पुस्तक कोणी आरामखुर्चीत बसून वाचणार नाही. पण आज जगात कुठेही असे पदक विक्रीला आले की जाणकार आधी हिल यांचा क्रमांक पाहतात. माणूस १९४८ साली गेला. त्याने लावलेली शिस्त अजून पहारा देते आहे.

विसाव्या शतकात ही कला मागे पडत चालली होती. ती टिकवण्यासाठी १९३७ साली पॅरिसमध्ये 'फिडेम' हा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि १९८२ साली ब्रिटनमध्ये 'ब्रिटिश आर्ट मेडल सोसायटी' सुरू झाली. या दुसऱ्या संस्थेच्या उभारणीत ब्रिटिश म्युझियममधले एक तरुण अभिरक्षक पुढे होते, मार्क जोन्स. आजच्या शिल्पकारांकडून पदके घडवून घ्यायची, त्यांच्या मोजक्या प्रती काढायच्या, त्यांविषयी लिहायचे, असे हे काम. म्हणजे जुन्या पदकांची राखण करणाऱ्यांनीच नव्या पदकांना घर मिळवून दिले. मग शिल्पकारांनी आपल्या मित्र-अभिरक्षकाचे आभार मानायचे ठरवले, तर कशात मानतील? ब्राँझमध्येच! आणि या भेटीत एक धाडसही आहे. कारण घेणारा माणूस आयुष्यभर पदके उलटसुलट करून पाहत आलेला असतो. कच्चे काम त्याच्या अंगठ्याखाली लगेच सापडते.

हे सारे एका छोट्या वर्तुळातले कौतुक आहे, असे आपल्याला वाटेल. मलाही ते तेवढ्यावरच सोडता आले असते. पण ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियमने जाहीर केले की संग्रहातल्या काही वस्तू चोरीला गेल्या आहेत, गहाळ आहेत किंवा त्यांचे नुकसान झाले आहे. पुढे हा आकडा सुमारे दोन हजारांवर गेला. त्यांत कोरीव रत्ने, दागिने अशा लहान वस्तू होत्या आणि त्यांतल्या कित्येकांची रीतसर नोंदच झालेली नव्हती. नोंद नाही, छायाचित्र नाही, क्रमांक नाही. मग वस्तू गेली हे कळायचे कसे, आणि बाजारात सापडली तरी ती आपलीच हे सिद्ध करायचे कसे? संचालकांनी राजीनामा दिला. त्या कठीण वेळी हंगामी संचालक म्हणून कोणाला बोलावले असेल? त्याच मार्क जोन्स यांना, म्हणजे आता सर मार्क जोन्स यांना. मधल्या काळात त्यांनी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचे दहा वर्षे नेतृत्व केले होते. १९९० साली खोट्या आणि बनावट वस्तूंचे एक गाजलेले प्रदर्शनही त्यांनी भरवले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये संग्रहालयाने पाच वर्षांत संपूर्ण संग्रहाची नोंद संगणकावर पुरी करण्याचा संकल्प जाहीर केला.

संकटावरचा उपाय काय निघाला पाहा. नुसते जास्त पहारेकरी नव्हे, नुसते जाड कुलूप नव्हे. उपाय निघाला नोंदवही पुरी करण्याचा. अभिरक्षकाचे जे काम कंटाळवाणे म्हणून मागे पडत आले, खर्चात कपात करताना जे आधी थांबवावेसे वाटते, तेच संग्रहालयाचा खरा पाया होते.

म्हणून अभिरक्षकाच्या पदकाची मागची बाजू मला महत्त्वाची वाटते. पुढे चेहरा असतोच, चष्मा असेल, टक्कल असेल. पण मागे काय कोरायचे? सम्राटाला घोडा मिळाला, शाळामास्तरांना पेलिकन मिळाला. अभिरक्षकासाठी मला कोणी विचारले, तर मी नाण्यांच्या कपाटाचा एक खण सुचवीन. अशी कपाटे बहुधा महोगनी लाकडाची करतात, कारण ओक लाकडातून निघणारी आम्ले धातूला खातात. खणातल्या फळीला गोल खळगे असतात. प्रत्येक खळग्यात एक नाणे किंवा पदक आणि त्याच्या खाली, सहसा नजरेस न पडणारी, एक गोल कागदी चिठ्ठी. वस्तू कोणाकडून आली, कधी आली, कितीला घेतली, हे तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलेले. ब्रिटिश म्युझियमच्या नोंदक्रमांकात तर वर्ष, महिना आणि दिवस गुंफलेले असतात. क्रमांक वाचला की वस्तू दप्तरी कधी दाखल झाली ते कळते.

ही चिठ्ठी म्हणजेच अभिरक्षकाची स्वाक्षरी. ती हरवली की नाणे नाणेच राहते, पण मुके होते. ते कुठल्या शेतात सापडले, कोणत्या घराण्याने सांभाळले, हे सांगणारे मग कोणी उरत नाही.

गौरवासाठी घडवलेल्या अशा पदकाची एक प्रत संग्रहालयात दाखल होते, तेव्हा तिलाही एक खळगा मिळतो आणि तिच्यासाठीही कोणीतरी चिठ्ठी लिहितो. ज्याने आयुष्यभर इतरांच्या वस्तूंची नोंद ठेवली, त्याच्या चेहऱ्याची नोंद आता त्याच्या जागी आलेला माणूस ठेवतो. त्या अभिरक्षकाला पदकापेक्षा या चिठ्ठीचा आनंद अधिक होत असावा. कारण ती वेळच्या वेळी आणि बिनचूक लिहिली गेली, तर त्याचे काम पुढे चालू आहे असा तिचा अर्थ आहे.