दोन थेंब करडईचे

माझी धाकटी लेक चाकणला एका कारखान्यात नोकरीला आहे. दिवसभर एसीत बसून थंडीत तिच्या चेहऱ्याची कातडी ताणते, गालांवर पापुद्रे येतात. गेल्या महिन्यात पगार होताच तिने चेहऱ्याला लावायच्या तेलाची एक इवलीशी बाटली आणली. किंमत ऐकून मी चष्मा चढवला आणि लेबल वाचले. पहिलेच नाव होते, कार्थॅमस टिंक्टोरियस. म्हटले, "बेटा, ही तर आपली करडई!"

माझे बालपण सोलापूर जिल्ह्यात गेले. रब्बीत ज्वारीच्या कडेने करडई पेरत. काट्यांमुळे गुरे शेतात शिरत नसत. पुढे फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याचे वाणही काढले. कोवळ्या पानांची भाजी व्हायची आणि बियांचे तेल घाण्यावरून घरी यायचे. त्याच तेलाची अम्मा फोडणी देई आणि रात्री वुजू केल्यावर त्यातलेच दोन थेंब ओलसर चेहऱ्यावर फिरवी. म्हणायची, "तोंड वाळलं की तेल नुसतं वर बसतं."

शाळेची पायरी न चढलेल्या अम्माचे बरोबर होते. तेल पाणी देत नाही, असलेला ओलावा धरून ठेवते. म्हणून ते ओल्या त्वचेवर लावायचे. नेहमीच्या करडईच्या तेलात सुमारे 70 ते 75 टक्के लिनोलेइक आम्ल असते. त्वचा आपला वरचा संरक्षक थर बांधताना हेच आम्ल वापरते. हे तेल खोबरेलासारखे थंडीत गोठत नाही, पातळ राहते आणि चिकट वाटत नाही.

पण तेल म्हणजे जादू नव्हे. त्याने रंग उजळत नाही, आणि ऊनही अडत नाही. दोन-तीन थेंब पुरतात. आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार दिवस लावून पाहावे. करडई गाजरगवताच्या आणि झेंडूच्या कुळातली आहे. ज्यांना त्यांची खाज सुटते, त्यांनी तर जपूनच. हे तेल लवकर खवट होते, म्हणून लहान, गडद बाटलीत, उन्हापासून दूर ठेवावे. खवट वास आला की टाकून द्यावे. पुरळ किंवा इसब असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे.

आता एक गोष्ट कबूल करतो. माझ्या पहिल्या कवितासंग्रहाचे प्रकाशन चिंचवडला होते. अम्मा गावाहून आली होती. सभागृहाच्या दारात मी तिला हळूच म्हणालो, "अम्मा, तोंड पूस ना, तेलकट दिसतंय." तिने काही न बोलता पदराने चेहरा पुसला आणि मागच्या रांगेत जाऊन बसली. त्या संग्रहात तिच्या हातांवर माझी एक कविता होती. टाळ्या पडल्या. त्या हातांचे तेल मात्र मला चारचौघांत नको होते. भोसरीच्या वर्कशॉपात मशीनच्या तेलाने माखलेल्या माझ्या हातांची मला कधी लाज वाटली नव्हती.

अम्मा आता नाही. हे सगळे मी लेकीला सांगितले. ती काही बोलली नाही. रात्री तिने तोंड धुतले, टॉवेलाने नुसते टिपले, आणि दोन थेंब तळहातावर घेऊन म्हणाली, "अब्बा, हात पुढे करा." एक थेंब तिने माझ्या हातावर ठेवला.

तो मी चेहऱ्याला लावला. पुसला नाही.