पोटातील पहारेकरी आणि पाळीचे दुखणे
(वार्षिक सभेत केलेले भाषण)



जमाखर्चाचे ताळेबंद आपल्या हाती आहेतच. म्हणून आज एका दुर्लक्षित आजाराविषयी बोलण्याची अनुमती आम्ही घेत आहोत. एन्डोमेट्रिऑसिस हे त्याचे नाव. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, बीजकोशावर वा ओटीपोटात, रुजतात. पाळीच्या दिवसांत असह्य वेदना होतात आणि कित्येकींना गर्भधारणाही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो.

पाळीचे काही रक्त बीजवाहिन्यांतून उलट पोटात उतरते व त्यातील पेशी तेथे रुजतात, असे अमेरिकन डॉक्टर जॉन सॅम्पसन यांनी १९२० च्या दशकात मांडले. परंतु असे रक्त बहुतेक स्त्रियांच्या पोटात उतरते; आजार मात्र थोड्यांनाच जडतो. असे का? येथे रोगप्रतिकारक पेशींकडे पाहावे लागते. भरकटलेल्या पेशींना नष्ट करणे हे नैसर्गिक मारक पेशींचे काम, आणि उरलेसुरले गिळून टाकणे हे भक्षक पेशींचे. या आजारात मारक पेशींची धार बोथट झालेली आढळते. भक्षक पेशी तर सफाई सोडून दाह वाढवितात, नव्या रक्तवाहिन्या व मज्जातंतू फुटण्यास साहाय्य करतात. राखणदारानेच तणाला खतपाणी घालावे, तसा हा प्रकार. हा बिघाड आजाराचे कारण की परिणाम, याचा उलगडा अद्याप झालेला नाही. पण वेदना मनाचे खेळ नव्हेत, एवढे निश्चित.

आपल्या नांदेड-लातूरकडे मात्र ‘लग्न झाले की थांबेल’ असे सांगून मुलीला गप्प केले जाते, आणि पुढे ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला मिळतो. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या अशा शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९ मध्ये शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्यांची कारणे निराळी होती. तथापि पिशवी काढूनही बाहेर रुजलेले अस्तर राहिले तर दुखणे राहू शकते, हे प्रत्येक कुटुंबाने जाणावे.

वेदनाशामके, संप्रेरकांची औषधे व दुर्बिणीची शस्त्रक्रिया हे आजचे उपचार. प्रतिकारक पेशींना वळणावर आणणारे औषध अजून नित्य वापरात नाही. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने भारतीय स्त्रियांमधील या आजाराचा अभ्यास हाती घेतला आहे.

देणगीदारांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा भार उचलावा, ही विनंती. आणि दर महिन्याला मुलीची शाळा बुडत असेल, तर सोनोग्राफी निर्दोष आली म्हणून थांबू नये. आरंभीचा आजार तीत दिसतोच असे नाही. जुने केसपेपर घेऊन तिला स्त्रीरोग विभागात आणावे.